उरलेल्या तीन पाळ्या

एका शहरात महापालिकेचा एक निवारा होता. बंद पडलेल्या शाळेच्या वर्गांत 50 खाटा मांडल्या होत्या. ज्यांना घर नाही अशी माणसं रात्री तिथे पाठ टेकायला येत. स्टेशनवरचे हमाल येत, भंगार वेचणारे येत, मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या येत. कधी मोठ्या दवाखान्यात आणलेल्या पेशंटचे गावाकडचे नातेवाईकही येत.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा नियम असा होता की शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे निदान 100 जणांच्या निवाऱ्याची सोय हवी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला निदान 50 चौरस फूट जागा हवी. त्या शहराची लोकसंख्या चार लाखांवर होती आणि निवारा हा एवढा एकच होता. पण जो होता, तो चालू होता.

निवारा चालवणाऱ्या संस्थेची मुदत संपत आली. नवी निविदा काढायची वेळ झाली.

समाजविकास अधिकारी म्हणून एक बाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी कारकुनाला मसुदा करायला सांगितलं. कारकून जुना होता. तो म्हणाला, "मॅडम, नवीन कशाला लिहीत बसायचं? सुरक्षारक्षक पुरवण्याच्या टेंडरचा मसुदा तयार आहे. कामाचं नाव बदलतो, तारखा बदलतो, संध्याकाळपर्यंत देतो."

संध्याकाळी मसुदा आला. मॅडमच्या टेबलावर त्या दिवशी बऱ्याच फायली होत्या. त्यांनी मसुदा चाळला आणि सही केली.

मसुद्यात 100 गुणांचा तक्ता होता. वार्षिक उलाढालीला 25 गुण. पगारावर किती माणसं आहेत, त्याला 25 गुण. सरकारी कामाच्या अनुभवाला वर्षाला 2 याप्रमाणे जास्तीत जास्त 20 गुण. आयएसओ प्रमाणपत्राला 10 आणि सादरीकरणाला 20. ज्याला 60 किंवा जास्त गुण मिळतील, त्याचाच दराचा लिफाफा उघडायचा. मग ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. कामाच्या व्याप्तीत एक ओळ होती: दिवसाच्या तीन पाळ्यांसाठी तीन काळजीवाहक.

जाहिरात निघाली. निविदा महाटेंडरच्या संकेतस्थळावर चढली. आठवड्यानं निविदापूर्व बैठक झाली.

बैठकीला तिघे आले. एक होता मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार. बँका, बाजार समित्या, दवाखाने अशा ठिकाणी त्याचे रक्षक उभे असत. दुसरा एका मोठ्या संस्थेचा प्रतिनिधी होता. त्याच्या हातात जाड, गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. तिसऱ्या होत्या एक सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चार-पाच जणींना घेऊन लहानशी संस्था काढली होती. रात्री त्या स्टेशनवर चहाची किटली आणि मलमपट्टीचा डबा घेऊन फिरत. थंडीपावसात महापालिकेनं तात्पुरते निवारे उघडले की त्यांतला एखादा त्यांच्याकडे असे.

ठेकेदारानं बयाणा रकमेबद्दल विचारलं. मोठ्या संस्थेनं देयकं किती दिवसांत मिळतील ते विचारलं. शेवटी सिस्टर उभ्या राहिल्या.

"रात्री दोन वाजता पोलीस एखाद्या भिजलेल्या म्हाताऱ्याला घेऊन आले, तर दार कोण उघडणार? याला तुमच्या तक्त्यात किती गुण आहेत?"

दोघे-तिघे हसले. कारकून म्हणाला, "सिस्टर, प्रश्न लेखी द्यायचे होते. मुदत काल संपली."

सिस्टर खाली बसल्या. बैठकीच्या इतिवृत्तात दोन प्रश्न आणि दोन उत्तरं नोंदली गेली.

ठरल्या दिवशी पहिला लिफाफा उघडला. लिफाफा म्हणजे आता संगणकावरची फाइलच, पण कचेरीत नाव तेच चाललेलं होतं. छाननीला तिघे बसले: मॅडम, महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि लेखाधिकारी. लेखाधिकारी निवृत्तीला आलेले होते. ते कमी बोलत आणि प्रत्येक कागद मागूनपुढून बघत.

ठेकेदाराला 81 गुण पडले. मोठ्या संस्थेला 86. मग सिस्टरांच्या संस्थेचे कागद निघाले. उलाढालीचे 8 गुण. माणसांचे 12. आयएसओ नव्हतं, शून्य. सादरीकरणात त्यांनी निवाऱ्याची एक रात्र सांगितली होती आणि तिघांनीही पूर्ण 20 गुण दिले होते. अनुभवाचे कार्यादेश नऊ वर्षांचे होते, म्हणजे 18. बेरीज 58.

मॅडमनी बेरीज पुन्हा केली. 58च आली.

"यांचं एक वर्ष राहिलंय," त्या म्हणाल्या. "2020 सालचं. टाळेबंदीत स्टेशनजवळच्या शाळेत अडकलेल्या मजुरांना यांनीच सांभाळलं. सगळ्या शहराला माहीत आहे."

"कार्यादेश आहे?" लेखाधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. तेव्हा कार्यादेश काढायला कचेरीत होतं कोण? अनुभवाचे 2 गुण दिले की 60 होतात, साहेब. खोटं काहीच नाही त्यात."

आरोग्य अधिकारी गप्प राहिले. त्यांनाही ते वर्ष आठवत होतं.

लेखाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मॅडम, जोडायचा राहून गेलेला कागद मागवता येतो. मुळात नसलेला कागद आज तयार करता येत नाही."

"पण तुम्हालाही माहीत आहे."

"मला माहीत आहे. निविदेला माहीत नाही. अनुभव कार्यादेशावरून मोजू, असं आपणच लिहिलं. ते वाचून काही जण आले असतील, काही जण आपल्याकडे कार्यादेश नाहीत म्हणून आले नसतील. आज आपण सिस्टरांसाठी अट वाकवली, तर जे आलेच नाहीत त्यांना काय सांगायचं? आणि उद्या या खुर्चीत दुसरा कोणी बसेल. त्यालाही आपलं माणूस चांगलंच वाटेल."

मॅडम बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी 58च्या पुढे सही केली. सिस्टरांच्या दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही.

चार दिवसांनी उरलेल्या दोघांचे दर उघडले. ठेकेदाराचा दर कमी होता, आणि थोडाथोडका नाही, बराच कमी होता. कारकुनानं तुलनात्मक तक्ता केला. ठेकेदाराच्या नावापुढे एल-1, म्हणजे सर्वांत कमी दर, असं लिहिलं आणि मंजुरीची टिप्पणी टाइप करायला घेतली.

"थांबा जरा," लेखाधिकारी म्हणाले. "दर एवढा खाली आला की आधी त्याचं पृथक्करण मागवावं. परवडतो कसा, ते कळू दे."

पृथक्करण आलं. लेखाधिकाऱ्यांनी पाटीसारखा एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीनं हिशेब मांडला. माणसं तीन. पगार किमान वेतनाच्या दरानं, बरोबर. भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्चासह 13 टक्के, बरोबर. राज्य विमा योजनेचे सव्वातीन टक्के, बरोबर. कुठेही खोट नव्हती. तरी ते कागदावरून नजर काढेनात.

"मॅडम, एक सांगा. दिवसाच्या तीन पाळ्या. आठवड्याच्या किती?"

"एकवीस."

"माणसाला आठवड्याची एक सुट्टी हवी. म्हणजे एक माणूस किती पाळ्या करतो?"

"सहा."

"तीन माणसं?"

"अठरा," मॅडम म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या.

"उरलेल्या तीन पाळ्यांना दाराशी कोण असतं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. ठेकेदाराला पत्र गेलं. त्याचं लेखी उत्तर आलं आणि पाठोपाठ तो स्वतःही आला. माणूस रागावलेला होता, पण खोटं बोलणारा नव्हता.

"साहेब, तुमच्या टेंडरात तीन माणसं लिहिली आहेत. मी तिघांचा पुरता पगार धरलाय. एक पैसा मारलेला नाही. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस हवा, असं कुठे लिहिलंय ते दाखवा. लिहिलं असतं तर चार धरले असते."

लेखाधिकाऱ्यांनी निविदा उघडून पुन्हा वाचली. ठेकेदाराचं बरोबर होतं.

त्या रात्री अकराच्या सुमाराला मॅडम निवाऱ्यावर गेल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. ओट्यावर दोन हमाल आणि एक म्हातारी बसली होती. गाडी उशिरा आली म्हणून हमालांना उशीर झाला होता. म्हातारीनं काही कारण सांगितलं नाही. आतून कोणीतरी खोकत होतं. आतले आत होते आणि बाहेरचे बाहेर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळजीवाहकाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "आम्ही तिघंच आहोत, मॅडम. एकाची सुट्टी असली की उरलेले दोघं सकाळ-दुपार सांभाळतो. दिवसा तपासणीला कोणी येऊ शकतं. मग रात्र उरते. आठवड्यातल्या तीन रात्री कुलूप लावून जातो. आधीपासून असंच चालत आलंय."

मॅडमना बैठकीतला प्रश्न आठवला. तो हसण्यावारी गेला होता आणि इतिवृत्तात त्याचा मागमूस नव्हता.

आता दोनच वाटा होत्या. काम ठेकेदाराला द्यायचं, म्हणजे त्या तीन रात्री पुढच्या करारातही कुलपातच जाणार. नाहीतर निविदा रद्द करायची. रद्द करायचा अधिकार महापालिकेला होता. पण फायलीवर कारण लिहायला हवं होतं, आणि कारण एकच होतं.

मॅडमनी टिप्पणी स्वतः लिहिली. "निविदेतील कामाची व्याप्ती अपुरी आहे. आठवड्याच्या 21 पाळ्यांपैकी 18 पाळ्यांचीच तरतूद झाली आहे. गुणांचे निकष सुरक्षारक्षकांच्या निविदेवरून घेतले असून ते या कामाला लागू पडत नाहीत. मसुदा माझ्या सहीने गेला आहे. कोणत्याही निविदाधारकाचा यात दोष नाही."

आयुक्तांनी फाइल वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दर उघडल्यावर रद्द? उद्या लेखापरीक्षणात विचारतील."

"विचारतील," लेखाधिकारी म्हणाले. "उत्तर टिप्पणीत आहे."

आयुक्तांनी सही केली. मॅडमकडून खुलासा मागवला, तो त्यांनी दिला. तिघांच्याही बयाणा रकमा परत गेल्या. जुन्या संस्थेला दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, ती एका अटीवर: रात्री दाराला बाहेरून कुलूप लागता कामा नये. ठेकेदार कचेरीत येऊन कोर्टाची भाषा बोलून गेला.

"जायचं तर जा," लेखाधिकारी त्याला म्हणाले. "पण नवीन निविदा निघेल तेव्हा ती नीट वाचा, आणि या."

मॅडमना आता नवा मसुदा लिहायचा होता. त्या म्हणाल्या, "सिस्टरांनाच बोलावून विचारते. त्यांना सगळं ठाऊक आहे."

"विचारा," लेखाधिकारी म्हणाले, "पण एकट्या त्यांना नको. त्या पुन्हा निविदा भरतील. ज्यानं प्रश्नपत्रिका काढली, त्यालाच परीक्षेला बसवता येत नाही. विचारायचं तर सगळ्यांना, एकाच दिवशी, उघड्या दारानं."

तशी सभा झाली. निवाऱ्याच्या अंगणातच झाली. ठेकेदार आला, मोठी संस्था आली, सिस्टर आल्या, आणखी दोन मंडळं आली. या वेळी निवाऱ्यातली माणसंही बसली. मॅडमनी सगळ्यांना एकच गोष्ट विचारली: इथे काय हवं?

एक हमाल म्हणाला, "शेवटची गाडी साडेबाराला येते. दहाला दार बंद होतं."

एक म्हातारी म्हणाली, "पिशवी ठेवायला कुलपाचा खण द्या. उशाशी घेतली तरी जाते."

एक बाई हळू आवाजात म्हणाली, "न्हाणीघराला आतून कडी पाहिजे."

दवाखान्यात लेकाला घेऊन आलेला एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवणारं कोणी असावं."

सिस्टर म्हणाल्या, "माझा प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे." या वेळी त्यांचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला.

ठेकेदारही बोलला. "किमान वेतन वर्षातून दोनदा वाढतं. वाढीव रक्कम महापालिका देणार की आमच्या खिशातून? ते लिहा. ते लिहीत नाहीत, म्हणून मग आम्ही माणसं कमी करतो." हे कोणालाच आवडलं नाही, पण ते खरं होतं, आणि तेही नोंदलं गेलं.

मॅडमनी मसुदा लिहिला. आता त्यात चार काळजीवाहक होते आणि 21 पाळ्यांचं कोष्टक होतं. वेतन आणि त्यावरची देणी महापालिकेनंच ठरवून सगळ्यांना सारखी ठेवली. वाढीव वेतन महापालिका देणार होती. दराची स्पर्धा उरली ती बाकीच्या खर्चापुरती आणि सेवाशुल्कापुरती. म्हणजे काळजीवाहकाच्या पगारातून कोणाला स्वस्त होता येणार नव्हतं. जी पाळी रिकामी आढळेल, तिच्या दुप्पट रक्कम देयकातून कापायची होती. उलाढालीची अट कामाच्या रकमेला शोभेल एवढीच ठेवली. आयएसओची ओळ गेली. तिच्या जागी रात्री उशिरा येणाऱ्यांची सोय, बायकांची सोय, सामानाची सोय, आजाऱ्यांना दवाखान्याशी जोडून देण्याची रीत, या गोष्टींना गुण आले.

अनुभवाच्या कलमात त्यांनी लिहिलं, "कार्यादेश नसल्यास पोलीस ठाणे, रुग्णालय किंवा प्रभाग कार्यालयाकडील त्या काळातील लेखी नोंद ग्राह्य धरण्यात येईल."

लेखाधिकाऱ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही एकट्या सिस्टरांसाठी आहे का?"

मॅडमनी विचार केला. "सुचली त्यांच्यामुळे. पण त्या वर्षी शहरात अशी कामं पुष्कळांनी केली. ज्याच्याकडे नोंद असेल, त्या सगळ्यांना ती लागू पडेल."

"मग राहू द्या," ते म्हणाले.

नुसता दर बघायचा नाही, हेही ठरलं. केंद्राच्या वित्त मंत्रालयानं ऑक्टोबर 2021मध्ये काढलेल्या सूचनांनुसार अशा सेवांमध्ये गुणवत्तेला जास्तीत जास्त 30 टक्के वजन देता येत होतं. ते पुरतं 30 दिलं. 70 दराला राहिले. आणि एक नवी रीत घातली: समितीच्या तिघांनी प्रत्येक निविदाधारकाचं चालू काम न कळवता बघून यायचं, आपापले गुण वेगळे लिहून बंद पाकिटात ठेवायचे आणि चर्चा त्यानंतर करायची.

निविदा पुन्हा निघाली. तेच तिघे पुन्हा आले. सिस्टरांनी 2020 सालासाठी पोलीस ठाण्याची नोंद जोडली होती. गंमत म्हणजे ठेकेदारानंही एक नोंद जोडली होती. त्याच साली त्याचे सहा रक्षक मोठ्या दवाखान्याच्या करोना कक्षाबाहेर कार्यादेशाविना उभे होते. दवाखान्याच्या वहीत त्यांची नावं होती. दोघांनाही त्याचे गुण मिळाले.

पाकिटं उघडली. गुणवत्तेत सिस्टरांना 88, मोठ्या संस्थेला 80, ठेकेदाराला 72. मॅडमना बरं वाटलं. मग दर उघडले. ठेकेदाराचा वर्षाला 11 लाख 40 हजार, सिस्टरांचा 12 लाख 60 हजार, मोठ्या संस्थेचा 13 लाख. सिस्टरांनी औषधं आणि रोज संध्याकाळी येणारी एक परिचारिका धरली होती, त्यामुळे त्यांचा दर वर गेला होता.

लेखाधिकाऱ्यांनी हिशेब केला. ठेकेदाराचा दर सर्वांत कमी, म्हणून दराचे पूर्ण 70, गुणवत्तेचे 21.60, एकूण 91.60. सिस्टरांचे दराचे 63.33 आणि गुणवत्तेचे 26.40, एकूण 89.73. मोठी संस्था तिसरी.

फरक पुन्हा दोनेक गुणांचाच होता.

आरोग्य अधिकाऱ्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी या वेळी काही विचारलं नाही. त्यांनी तक्त्यावर सही केली आणि कागद पुढे सरकवला.

काम ठेकेदाराला मिळालं. निकाल संकेतस्थळावर लागला, प्रत्येकाच्या गुणांसकट. संध्याकाळी सिस्टर कचेरीत आल्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या. काय बोलावं, ते त्यांना सुचेना.

"बसा हो," सिस्टर म्हणाल्या. "मी भांडायला नाही आले. गुण बघितले, कुठे कमी पडले ते कळलं. मागच्या वेळी ते कळलंच नव्हतं. आणि दार आता रात्रभर उघडं राहणार ना? मग झालं."

महिन्याभरात कार्यादेश निघाला. ठेकेदाराला चार काळजीवाहक नेमायचे होते. बँकेच्या दारात उभं राहणारी माणसं त्याच्याकडे होती, पण भिजलेल्या म्हाताऱ्याला आत घेऊन त्याचे कपडे बदलणारी माणसं नव्हती. पाळी रिकामी राहिली तर दुप्पट कापणार, हेही त्यानं नीट वाचलं होतं. तो सिस्टरांकडे गेला.

"सिस्टर, रात्री स्टेशनवर तुमच्याबरोबर जी माणसं फिरतात, त्यांतली दोन मला द्या. पगार टेंडरातलाच. आणि बाकीच्या दोघांना चार दिवस शिकवा."

सिस्टरांनी शिकवलं. पुढे निवाऱ्याची व्यवस्थापन समिती झाली तेव्हा निवाऱ्यातल्या माणसांनी त्यांचं नाव सुचवलं. त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "परिचारिका धरायची राहिली आहे. पुढच्या निविदेत तिला गुण ठेवा." ते लेखी नोंदलं गेलं, मुदतीत.

लेखाधिकारी त्यानंतर लवकरच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मॅडमनी त्यांना विचारलं, "साहेब, त्या दिवशी ते 2 गुण दिले असते, तर सिस्टरांचा लिफाफा उघडला असता. कदाचित काम त्यांनाच मिळालं असतं. वाईट झालं असतं का?"

ते म्हणाले, "सिस्टर होत्या तोवर चांगलं झालं असतं. पण निविदेत तीनच माणसं राहिली असती. त्यांच्या मागून जो आला असता, त्यानं पुन्हा कुलूप लावलं असतं."

सार्वजनिक कामात माणसाचा चांगुलपणा दोनदा कामी येऊ शकतो. एकदा अटी लिहिताना, आणि एकदा निकाल लावताना. पहिल्या वेळी त्याला लागेल तेवढी मोकळीक असते. तिथे दयेनं विचार करावा, रात्री जाऊन ओट्यावर बसून यावं, जे सगळे हसण्यावारी नेतात तो प्रश्न कागदावर आणावा. निकालाच्या वेळी मात्र त्याच चांगुलपणानं हात आखडता घ्यायचा असतो, कारण उशिरा आलेली दया कितीही खरी असली तरी ज्यांचे कागद टेबलावर नाहीत त्यांच्यावर ती अन्याय करते. आपण बहुतेक जण उलटं करतो. लिहिताना जुना मसुदा उचलतो आणि निकालाच्या दिवशी मन मोठं करायला बघतो. ज्याला खरोखर भलं करायचं आहे, त्यानं ते आधी लिहून ठेवावं, सगळ्यांना वाचता येईल असं. आणि मग जो उत्तर देईल त्याला, तो आवडता असो वा नसो, काम द्यावं.